दूरचा गुरू आणि जवळचे उत्तर

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

'दूरशिक्षण' हा शब्द आता आपल्या कानांना नवा राहिलेला नाही. टपालाने येणारे पाठ, मुक्त विद्यापीठांची पुस्तके, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि आता इंटरनेट, म्हणजेच ज्याला आपण मराठीत महाजाल म्हणू लागलो आहोत ते, अशी या शिक्षणाची साधने एकामागून एक बदलत आली. साधनांची चर्चा पुष्कळ होते. परंतु या शब्दातील 'दूर' म्हणजे नेमके कशापासून दूर, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आज तो विचार मी एका लहानशा गावाचे उदाहरण समोर ठेवून आपल्यापुढे मांडणार आहे. ते गाव म्हणजे लोधीखेडा.

लोधीखेडा हे मध्य प्रदेशाच्या सौंसर तहसिलीतील, नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरचे गाव. संत्र्यांचे बगीचे आणि कापसाची शेते हे या मुलखाचे वैभव. घरात मराठी, शाळेत व कचेरीत प्रामुख्याने हिंदी आणि बाजारात दोन्ही, अशी येथील भाषेची व्यवस्था आहे. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख व नागपूर एकाच राज्यात होते. एवढेच नव्हे, तर नागपूर हीच त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर एका राज्यात व लोधीखेडा दुसऱ्या राज्यात गेले. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील छिंदवाड्यातून निघून त्यात आली. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी येथील माणसे आजही नागपूरकडे पाहतात. परंतु सरकारी कागदांसाठी त्यांना भोपाळकडे पाहावे लागते.

आता अशा गावातील एखाद्या मुलीची कल्पना करा. तिने बारावीची परीक्षा दिलेली आहे. पुढे शिकावे अशी इच्छा आहे. घरी लहान भावंडे आहेत, संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत हाताशी माणूस हवे असते आणि रोज मोटारीने जाण्यायेण्याचा खर्च झेपणारा नाही. या मुलीपासून शिक्षण किती दूर आहे? मैलांचे एक अंतर आहे. राज्याच्या सीमेचे दुसरे अंतर आहे. ज्या भाषेत ती आईशी बोलते आणि ज्या भाषेत उच्च शिक्षणाची पुस्तके लिहिलेली असतात, त्या दोन भाषांमधले तिसरे अंतर आहे. परंतु या तिहींहून मोठे असे एक चौथे अंतर आहे. तिला एखादी गोष्ट समजली नाही आणि तिने प्रश्न विचारला, तर त्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापर्यंत परत येण्यास जो काळ लागतो, ते हे चौथे अंतर होय. पहिली तीन अंतरे डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी योजना होतात. चौथे दिसत नाही. आणि दूरशिक्षणाचे यशापयश बहुतांशी त्याच्यावरच अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे.

थोडे इतिहासाकडे वळू. इंग्लंडात १८४० मध्ये अल्प दराची टपालव्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन या गृहस्थांनी आपली लघुलेखनाची पद्धती टपालाने शिकविण्यास आरंभ केला. आधुनिक दूरशिक्षणाचा प्रारंभ पुष्कळ जण येथूनच मानतात. पण पिटमन यांनी केवळ पाठ पाठविले असते, तर त्यात नवे काय होते? पाठ तर छापील पुस्तकातही असतात. विद्यार्थ्याने बायबलातील उतारे लघुलिपीत उतरवून परत पाठवावयाचे आणि ते तपासून, चुका दाखवून पुन्हा विद्यार्थ्याकडे यावयाचे, हे त्या पद्धतीचे मर्म होते. म्हणजे दूरशिक्षण जन्मास आले ते परतीच्या टपालातून.

हे मर्म ज्यांनी ओळखले, त्यांचे प्रयत्न टिकले. इंग्लंडातील मुक्त विद्यापीठात १९७१ साली सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यासास आरंभ केला. बी. बी. सी. वरून त्याचे पाठ प्रक्षेपित होत, आणि जगाचे लक्ष त्या झगमगाटाकडेच गेले. परंतु त्या विद्यापीठाचा खरा कणा होता तो विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासून त्यांवर अभिप्राय लिहिणाऱ्या मार्गदर्शकांचा. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात मराठी माध्यमातून दूरशिक्षण देण्याची मोठी उभारणी झाली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचे ब्रीद आज महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मध्य प्रदेशातही भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१ च्या कायद्यान्वये निघाले.

या सर्व संस्थांनी ज्यांना महाविद्यालयाचे दार बंद होते अशा असंख्य लोकांना पदवीपर्यंत नेले, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे. तथापि छापील पुस्तक आणि टपाल या साधनांना एक मर्यादा होती. पुस्तक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचे. विद्यार्थ्याची शंका मात्र पुष्कळदा त्याच्यापाशीच राही. ती लिहून पाठवावी, कोणीतरी वाचावी, उत्तर लिहावे, ते टपालात पडावे आणि गावी पोहोचावे, एवढ्या अवधीत शंका शिळी होऊन जाई. पुढे पुढे तर शंका विचारण्याची सवयच सुटते. ती सुटली की अभ्यास हा पाठांतराचा उद्योग होतो.

ज्या माध्यमातून मी आपणांशी बोलत आहे, त्या रेडिओनेही या बाबतीत एक मोलाचा धडा घालून दिला आहे. १९५६ च्या आरंभी पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक मंडळ असे. आठवड्यातून दोन वेळा, असे दहा आठवडे कार्यक्रम झाले. कार्यक्रम ऐकून झाल्यावर मंडळाने त्यावर चर्चा करावयाची, आपले प्रश्न पुण्याला कळवावयाचे आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळावयाची, अशी ती योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांबरोबरच, जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावेही तपासण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली होती. केवळ रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती फारच थोडी होती.

श्रोतेहो, यंत्र दोन्हीकडे तेच होते. ध्वनिलहरीही त्याच होत्या. फरक होता तो एवढाच की, एके ठिकाणी चार माणसे एकत्र बसून ऐकत होती, वाद घालीत होती, विचारीत होती आणि त्यांच्या विचारण्याला उत्तर मिळत होते. दुसऱ्या ठिकाणी आवाज येत होता आणि विरून जात होता. महाजालाविषयी जे काही सांगावयाचे आहे, त्याचे बीज या जुन्या प्रयोगात आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी उपग्रहाचा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. मध्य प्रदेश हे त्यांपैकी एक राज्य होते. ज्या गावांत वीजही धड नव्हती, तेथे पडद्यावर चित्रे हलू लागली. भारतीय शास्त्रज्ञांचे हे मोठेच यश होते. परंतु आकाशातून येणारी वाट एकेरी होती. गुरुजी पडद्यावर दिसत, पण पडद्यातून त्यांना विद्यार्थी दिसत नसे.

महाजालाने जो बदल घडविला तो नेमका येथे आहे. ही वाट दुहेरी आहे. ज्या मार्गाने पाठ येतो, त्याच मार्गाने शंका परत जाऊ शकते, आणि तीही त्याच क्षणी. लोधीखेड्यातील मुलीने वहीत सोडविलेल्या गणिताचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन पाठविले, तर नागपुरात, पुण्यात किंवा नाशिकात बसलेला शिक्षक ते उघडून, तिसऱ्या ओळीतील चिन्हाची चूक दाखवून, अर्ध्या घटकेत परत धाडू शकतो. पिटमनच्या विद्यार्थ्यांना ज्याची वाट पाहावी लागे, ते आज क्षणात होऊ शकते. इतिहासात प्रथमच चौथे अंतर मिटविण्याचे साधन सर्वसामान्य माणसाच्या हाती आलेले आहे.

ते आपण वापरले कसे, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारलाच पाहिजे.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत सारे शिक्षण दूरशिक्षण झाले. शिक्षकांनी त्या काळात जे कष्ट घेतले ते थोडे नव्हेत. कोणी पारावर बसून शिकविले, कोणी ध्वनिक्षेपकावरून पाढे म्हणून घेतले. परंतु महाजालाचा उपयोग बहुतेक ठिकाणी दूरचित्रवाणीसारखाच झाला. सकाळी एक चित्रफीत पाठवावयाची, मुलांनी ती पाहावयाची आणि 'पाहिली' असे कळवावयाचे. दुहेरी रस्ता बांधून त्यावर एकाच दिशेची वाहतूक चालू ठेवावी, तसा हा प्रकार झाला.

त्यातही ज्याच्या घरी साधन, त्याच्या हाती साधन, असे समजणे चुकीचे होते. 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या शिक्षणविषयक पाहणीने हे स्पष्ट केले. ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, ते २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ झाले. वाढ मोठी खरी. पण त्याच २०२१ च्या पाहणीत असेही दिसले की, घरी असा फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. फोन वडिलांचा; तो त्यांच्याबरोबर सकाळी शेतावर वा कामावर जातो आणि रात्री परत येतो. घरात एकच फोन आणि तीन मुले असली, तर तो प्रथम कोणाच्या हाती जाईल आणि मुलीची पाळी केव्हा येईल, हे मी सांगावयास नको.

मोठ्या माणसांच्या शिक्षणातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था यांनी २०१२ पासून आपले अभ्यासक्रम महाजालावर सर्वांना खुले केले. लाखो लोकांनी नावे नोंदविली. काही वर्षांनंतर संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन-चार जण अभ्यासक्रम पुरा करीत असल्याचे आढळले. त्या पाठांत उणीव नव्हती; जगातील नामांकित प्राध्यापक ते शिकवीत होते. परंतु हजारोंच्या त्या समुदायात एकट्या विद्यार्थ्याला 'तू काल का आला नाहीस?' असे विचारणारे कोणी नव्हते. ज्याच्या गैरहजेरीची कोणी दखल घेत नाही, तो फार दिवस हजर राहत नाही.

आपल्या देशात २०१७ पासून 'स्वयम्' या नावाने केंद्र सरकारने महाजालावरील अभ्यासक्रमांचे भांडार उघडले. त्याच्या कितीतरी आधीपासून भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध होऊ लागली होती, आणि त्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतर करण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठे आपल्या अभ्यासक्रमाच्या शेकडा ४० पर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून घेण्यास मुभा देऊ शकतात. ही सारी सामग्री लोधीखेड्याच्या दारापर्यंत आलेली आहे. मराठी विश्वकोशाचे खंड, जे एके काळी तालुक्याच्या ग्रंथालयातही मिळणे कठीण होते, तेही आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ आता उरलेला नाही. विहीर भरलेली आहे. पोहरा आणि दोर यांची सोय करावयाची आहे.

आता सीमेच्या प्रश्नाकडे येतो, कारण लोधीखेड्यासारख्या गावाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. राज्याच्या मुक्त विद्यापीठाने आपले दूरशिक्षण आपल्याच राज्याच्या हद्दीत चालवावे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. त्यामागील हेतू योग्यच आहे. वाटेल तेथे अभ्यासकेंद्रे उघडून पदव्यांचा बाजार मांडणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो केलेला आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की, नाशिकच्या विद्यापीठाची मराठी पुस्तके व अभ्यासकेंद्रे सीमेच्या अलीकडे नागपूर जिल्ह्याच्या शेवटच्या गावापर्यंत येतात आणि तेथेच थांबतात. पलीकडे तीच भाषा बोलणारी, तीच संत्री पिकवणारी माणसे राहतात. पण त्यांच्यापर्यंत ती जात नाहीत.

सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने जे नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत दूरशिक्षण आणि महाजालावरील शिक्षण असे दोन भेद स्पष्ट करण्यात आले. दूरशिक्षणाला राज्याची हद्द लागू राहिली. परंतु आयोगाची मान्यता मिळालेल्या ज्या अभ्यासक्रमांचे सर्व शिक्षण महाजालावरून होते, त्यांना प्रादेशिक हद्दीचे बंधन ठेवण्यात आले नाही. या एका तरतुदीचा अर्थ सीमेवरील मराठी माणसांनी नीट समजून घ्यावा. टपालाने जे पुस्तक सीमा ओलांडू शकत नव्हते, ते महाजालावरून ओलांडू शकते. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी मराठी माध्यमातील चांगले अभ्यासक्रम या पद्धतीने मान्यता घेऊन सुरू केले, तर लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर, इकडे बेळगाव, बिदर, या सर्व ठिकाणच्या विद्यार्थ्यांना ते घरी बसून घेता येतील. राज्यांच्या सीमा जेथल्या तेथे राहतील. शिक्षण मात्र त्यांच्यापाशी अडणार नाही. यासाठी कोणाशी भांडावयाचे नाही, कोणाकडून काही हिसकावून घ्यावयाचे नाही. हिंदी शिकणाऱ्याने हिंदी शिकावी, त्याबरोबर आपल्या आईच्या भाषेतही शास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र वाचण्याची सोय त्याला असावी, एवढेच हे मागणे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. महाजालावर जसे विद्यापीठ भेटते, तसा ठकही भेटतो. 'सहा महिन्यांत पदवी' अशा जाहिराती करणारे पुष्कळ आहेत. कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी आयोगाची मान्यता आहे किंवा नाही हे आयोगाने प्रसिद्ध केलेल्या यादीत पाहावे. विद्यापीठ प्रसिद्ध असणे एवढे पुरेसे नाही. मान्यता अभ्यासक्रमागणिक वेगळी असते.

मग लोधीखेड्यासारख्या गावाने प्रत्यक्ष काय करावे? माझ्या मते १९५६ च्या श्रवणमंडळाचे नव्या साधनांनिशी पुनरुज्जीवन करावे. नगर परिषदेच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत एक अभ्यासमंडळ असावे. एक मोठा पडदा, एक बरी जोडणी आणि एक मार्गदर्शक, एवढे त्याचे भांडवल. मार्गदर्शक म्हणजे सर्व विषयांचा पंडित नव्हे. तो गावातीलच एखादा निवृत्त शिक्षक किंवा पदवीधर तरुणी असू शकेल. त्याने शिकवावयाचे नाही; आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळ भरवावयाचे, पाठ दाखवावयाचा, चर्चा घडवावयाची, न सुटलेल्या शंका लिहून दूरच्या शिक्षकाकडे पाठवावयाच्या आणि जो आला नाही त्याच्या घरी चौकशी करावयाची. घरात फोन वडिलांच्या खिशात असला, तरी गावात एक जागा अशी असावी की जेथे मुलीची पाळी शेवटी येणार नाही.

दूरच्या शिक्षकाचे काम किती, याचाही हिशेब करून पाहू. एका शिक्षकाकडे पंचवीस विद्यार्थी दिले आणि प्रत्येकाने पंधरवड्यास एक स्वाध्याय पाठविला, आणि तो तपासून दोन ओळींचा अभिप्राय लिहिण्यास पाव तास लागला, तर पंधरवड्यात सुमारे सव्वासहा तासांचे काम होते. म्हणजे दिवसाला अर्धा तासही नव्हे. नागपुरातील एखाद्या महाविद्यालयातील अध्यापकास किंवा निवृत्त प्राध्यापकास हे सहज शक्य आहे. याला मानधन द्यावे आणि उत्तर सात दिवसांच्या आत गेलेच पाहिजे, असा नियम करावा. महाजालावरील शिक्षणाच्या योजनांत आज किती चित्रफिती तयार केल्या याचा हिशेब दिला जातो. त्याऐवजी किती शंकांना किती दिवसांत उत्तर दिले, याचा हिशेब मागितला जावा.

साधनांची निवडही शहाणपणाने करावी. एका तासाच्या चित्रफितीला तीनशे-चारशे मेगाबाइट लागतात; तेच व्याख्यान नुसत्या आवाजात सुमारे तीस मेगाबाइटांत येते आणि छापील टिपण तर त्याच्या अल्पांशात. जेथे जोडणी क्षीण आहे, तेथे आवाज आणि टिपण यांवर भर द्यावा, आणि चित्राची जेथे खरी गरज आहे तेथेच चित्र वापरावे. रात्री जोडणी बरी असते तेव्हा पाठ उतरवून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी मंडळात दाखवावेत. वीज गेली म्हणून वर्ग बुडू नये, एवढी तरतूद तरी साधी आहे.

हे केवळ पदवीसाठी नव्हे. सौंसरच्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहू लागला, तर 'संत्र्यावरील रोग' या विषयावरील तासभराचे व्याख्यान त्याला उपयोगी पडेलच असे नाही. त्याला आपल्या झाडाविषयी विचारावयाचे असते. त्याने बुंध्याचे छायाचित्र पाठवावे, पाणी किती व कसे देतो ते सांगावे, आणि जाणकाराने त्याला त्याच्या झाडापुरते उत्तर द्यावे. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरातच आहे. म्हणजे जाणकार माणसे दूर नाहीत. अशा दहा शेतकऱ्यांची दहा उत्तरे मंडळात एकत्र वाचली, तर तोच एक उत्तम पाठ होतो. माणूस आपल्या प्रश्नाच्या उत्तरातून जितके शिकतो, तितके दुसऱ्याच्या व्याख्यानातून शिकत नाही.

भाषेविषयीही हेच. परितेवाडी या सोलापूर जिल्ह्यातील लहान गावच्या शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर सांकेतिक चौकोन छापून त्यांतून मुलांना त्यांच्या भाषेतील ध्वनी व चित्रपाठांपर्यंत नेले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ते गाव महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेपासून फार दूर नाही आणि मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्याचे पाहून त्यांनी आपली सामग्री त्या भाषेतही केली होती. सीमेवरील शिक्षणाचे सूत्र त्यांच्या या कामात स्पष्ट दिसते. मुलाची भाषा कोणती आहे ते प्रथम पाहावे आणि मग साधन जुळवावे. महाराष्ट्रात एक शिक्षक कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी हे करू शकतो, तर मध्य प्रदेशातील मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ते होणे अशक्य नाही.

काहीजण म्हणतील की, मोबाईल हे शिक्षणाचे नव्हे, करमणुकीचे आणि कालहरणाचे साधन आहे. मुलांच्या हाती ते देणे धोक्याचे. या म्हणण्यात तथ्य आहे, हे कोण नाकारील? परंतु एकट्याने, बंद खोलीत, रात्री उशिरापर्यंत पाहिलेला पडदा आणि दहाजणांनी एकत्र बसून पाहिलेला पडदा यांत फरक आहे. पहिला माणसाला एकटा करतो. दुसरा त्याला बोलता करतो. दुसरे काहीजण म्हणतील की, एवढी खटपट करण्यापेक्षा गावातच महाविद्यालय काढावे. तेही अवश्य निघावे. महाजालाने शाळा-महाविद्यालयांची जागा घ्यावी असे मी मुळीच म्हणत नाही. उलट सरकारांनी महाजालाकडे बोट दाखवून शाळा बंद करण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण प्रश्न विचारण्याची सवय मुलाला प्रथम प्रत्यक्ष शिक्षकासमोरच लागते. परंतु लहान गावात सर्व विषयांचे अध्यापक कधीच असणार नाहीत. जे गावात मिळत नाही ते बाहेरून आणावे, आणि ते आणताना गावातील माणूस मध्ये असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

श्रोतेहो, पुढील काळात साधने आणखी बदलतील. आता तर प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रेही आलेली आहेत. तीही वापरावीत, परंतु त्यांनी दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पारखणारा, आणि 'हा प्रश्न तू का विचारलास?' असे उलट विचारणारा माणूस तरीही लागेलच. शिक्षकाच्या उत्तराची किंमत त्यातील माहितीपुरती नसते. कोणीतरी आपल्या वहीकडे लक्ष देत आहे, या जाणिवेची ती किंमत असते.

लोधीखेड्याच्या त्या मुलीला आपण व्याख्यानांचे भांडार देऊ शकलो, हे चांगलेच झाले. आता तिच्या वहीचे पान आपल्याकडे येऊ द्या, आणि ते तपासून आठवड्याच्या आत तिच्याकडे परत जाऊ द्या. तिच्या गावापासून विद्यापीठ किती कोसांवर आहे, ते कोणत्या राज्यात आहे, याला मग फारसे महत्त्व उरणार नाही.